भिंतीचा खेळ

शिट्टी वाजली तेव्हा साधना शाळेच्या मागच्या खोलीत पाहुण्यांसाठी चहा गाळत होती. एकच शिट्टी, लांब आणि खणखणीत. गाळणी तिच्या हातात तशीच राहिली. चहा कपातून बशीत आणि बशीतून ट्रेवर सांडला. बाहेर काय झालं असणार, हे तिला न बघताच कळलं.

तिने सगळ्याचा विचार केला होता. सकाळी मुलांची नखं कापली होती, केसांना तेल लावलं होतं, छोट्या मोहिनीला लघवीला नेऊन आणलं होतं. हौशीराम गुरुजींच्या गळ्यात शिट्टी असेल, एवढंच तिच्या लक्षात आलं नव्हतं.

चहा टाकून ती बाहेर पळाली.

पटांगणात मांडव घातला होता. कोणत्या मुलाची पहिलीत जायची किती तयारी झाली आहे, हे पाहायचा मेळावा होता. डिंगोरे गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या दोन वस्त्यांची मुलं आज इथे आली होती. खडकवस्तीची, म्हणजे साधनाच्या अंगणवाडीची, आणि वरच्या वाडीची. टेबलं ओळीने लावलेली. एकावर रंग, एकावर चित्रांची पुस्तकं, एकावर राजमा, हरभरा आणि मूग एकत्र करून ठेवलेले. सगळ्यात आधी उड्या. फक्कीने आखलेल्या रेघेमागे मुलांना उभं करून गुरुजींनी सांगितलं होतं, शिट्टी झाली की उडी मारत पुढे यायचं.

वरच्या वाडीची मुलं उड्या मारत पुढे गेली होती. खडकवस्तीची मुलं रेघेपाशी नव्हतीच. ती शाळेच्या ओसरीवर, भिंतीला पाठ लावून, पाय पोटाशी घेऊन बसली होती. लहान मूल दोन मोठ्यांच्या मध्ये. प्रत्येकाचा हात शेजारच्याच्या हातात. तोंडं गच्च मिटलेली.

चांगली बसली होती, अगदी शिकवल्यासारखी. साधनानेच तसं शिकवलं होतं.

फेब्रुवारीत अंगणवाडीच्या मागचा ऊस तुटायला लागला होता. त्या दिवसांत एका सकाळी ती कुलूप उघडायला आली, तेव्हा नळाखालच्या चिखलात ठसे होते. कुत्र्याच्या पंजाला पुढे नखांची टोकं उमटतात, बिबट्याच्या पंजाला उमटत नाहीत. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर वनखात्याने चित्रासकट तसा फलक लावला होता आणि तो तिने अनेकदा वाचला होता. ती खाली बसली आणि तिने नीट पाहिलं. नखं नव्हती. ठसा तिच्या तळहाताएवढा होता.

तिने खराटा आणला आणि ते ठसे पुसून टाकले.

मदतनीस कुशाबाई तेवढ्यात डोक्यावर सरपण घेऊन आली. तिने पुसलेली जागा पाहिली, मग साधनाचं तोंड पाहिलं.

"वाघ व्हता?"

"पाणी प्यायला आला असंल, मावशी. गेला."

"सांगायचं का कुणाला?"

साधना खराटा ठेवून कुलूप उघडायला गेली. मागच्या वर्षी ओढ्यापलीकडच्या वस्तीत बिबट्याने वासरू नेलं. तिथल्या आयांनी मुलं पाठवायची बंद केली. सहा महिन्यांत ती अंगणवाडी खालच्या गावाला जोडली गेली. ज्या लेकरांच्या घरी गाडी होती ती हायवेवरच्या इंग्रजी शाळेत गेली, बाकीची घरी राहिली. अजून ती बांधाबांधाने शेळ्यांमागे फिरताना दिसत. खडकवस्तीचा पट आधीच उतरत चालला होता. तेव्हा चार दिवस वाट पाहू, असं साधनाने ठरवलं. चार दिवस कुणी आलं नाही. मग आठवडा गेला. न सांगितलेली गोष्ट रोज थोडी जड होत जाते, हे तिला त्या दिवसांत कळलं. पुढे ती सांगायची म्हटलं असतं, तर इतके दिवस का सांगितली नाही, हेही सांगावं लागलं असतं.

तिने वेगळंच केलं. ओतूरच्या बाजारातून एक शिट्टी आणली आणि मुलांना खेळ शिकवला. शिट्टी झाली की हातातलं टाकायचं. जवळच्या भिंतीला पाठ लावून बसायचं. बारक्याला मध्ये घ्यायचं. बोलायचं नाही, म्हणजे बाईंना मोजता येतं आणि बाहेरचं ऐकूही येतं. बाई डोक्यावर हात ठेवून नाव घेतील, तेव्हाच उठायचं. हा शेवटचा नियम मागाहून आला. एकदा सरावात कुशाबाई सहज "झालं गं बाई" म्हणाली आणि सगळ्यात लहान मोहिनी उठून थेट दाराबाहेर चालायला लागली. त्यानंतर उठायचं ते फक्त बाईंच्या हातानेच.

मुलांना खेळ फार आवडला. साधना मात्र गाणी म्हणतानासुद्धा खिडकीतून उसाच्या पाचटाकडे पाहत राहायची. वाऱ्याने पान हललं तरी कडव्याची ओळ चुकायची आणि मुलंच ती दुरुस्त करायची.

"साधनाताई!" सुपरवायझर मॅडम ओसरीखाली उभ्या होत्या. हातात फाईल, कपाळावर घाम. "अहो, मुलांना सूचना कळत नाहीत का? शिट्टी झाली की उडी मारायची, इतकं सोपं सांगितलं होतं गुरुजींनी."

हौशीराम गुरुजी ऋतिकपुढे उकिडवे बसले होते. त्यांनी चॉकलेट पुढे धरलं होतं. ऋतिकने चॉकलेटकडे पाहिलं, आवंढा गिळला आणि हात हलवला नाही. त्याच्या एका हातात मोहिनीचा हात होता.

"बुजली असतील मॅडम," गुरुजी म्हणाले. "एवढी माणसं बघून."

मांडवाच्या कडेला आया आणि आज्या उभ्या होत्या. त्यांच्यातून वरच्या वाडीच्या प्रयागबाईंचा आवाज आला. "आमची पोरं बगा कशी ससावाणी पळाली. ही बसल्यात आपली, फोटू काढाया बसावं तशी."

"तुझी पोरं पळणारच की गं प्रयागे," कुशाबाई म्हणाली. "परवा माझ्या मेथीच्या वाफ्यातनं बी अशीच पळत गेली. एक बी पान न्हाई ठेवलं."

बायका हसल्या. ऋतिकची आई तेजस्विनी हसली नाही. ती आळे गावची, बारावी झालेली, लग्न होऊन इथे आलेली. नवरा टोमॅटोची पिकअप चालवायचा. ऋतिकला जूनपासून इंग्रजी शाळेत घालायचं की अजून एक वर्ष इथे ठेवायचं, हे घरात ठरत नव्हतं. ते ठरलं की वस्तीतली आणखी तीन-चार घरं तसंच करणार, हे साधनाला माहीत होतं. मेळावा बघून ठरवू, असं तेजस्विनी म्हणाली होती.

साधना ओसरीवर चढली. पहिल्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवून तिने नाव घेतलं. मग दुसऱ्याचं. मुलं एकेक करून उठली, कपडे झटकले आणि जणू काही झालंच नाही अशी रेघेकडे धावली.

"हे काय होतं?" मॅडमनी विचारलं.

"खेळ आहे मॅडम. शिस्तीचा."

मॅडमनी फाईल मिटली. "आज बघायला इतकी माणसं आहेत. आज शिस्त नको होती, ताई. आज उड्या हव्या होत्या."

पुढची टेबलं झाली. पण मुलांचं चित्त उडालं होतं. शिट्टी झाली होती आणि सुटका नेहमीपेक्षा फार उशिरा झाली होती, त्यामुळे आज खेळ खरा आहे असं त्यांना वाटलं असावं. घरी राजमा आणि हरभरा डोळे मिटून वेगळे करणारा ऋतिक दर दोन दाण्यांनी फाटकाकडे बघत होता. टेबलावरच्या मास्तरीणबाईंनी त्याला दोनदा विचारलं, "बाळा, मूग कुठले?" त्याने मूठभर सगळंच उचलून दिलं. त्याच्या कार्डावर 'बराच सराव हवा' असं लिहिलं गेलं. त्याच्यापुढे उभ्या असलेल्या वरच्या वाडीच्या पोरीला टाळ्या मिळाल्या.

तेजस्विनीने कार्ड वाचलं, दुमडलं आणि पर्समध्ये ठेवलं. मग ती साधनाला हापशापाशी घेऊन गेली.

"बाई, एक विचारू का?"

"विचार की."

"आमच्या घरी कुकरची शिट्टी झाली ना, की ह्यो हातातलं टाकतो. भिंतीला पाठ लावून बसतो. ऊठ म्हटलं तरी उठत नाय. हाक मारली तरी बोलत नाय. नुसता बघत बसतो माझ्याकडं." ती हापशाच्या दांड्यावरचा गंज नखाने खरवडत होती. "सासूबाई म्हणत्यात, पोराला कायतरी लागलंय. दोनदा मीठमिरच्या ओवाळल्या. मी सोमवारी नारायणगावच्या डॉक्टरची वेळ घेतलीय. मेंदूचे डॉक्टर हाईत."

साधनाला हात कुठे ठेवावेत ते कळेना. कुकर. तिच्या स्वतःच्या घरी रोज दोनदा कुकर लागत होता.

"मला वाटलं, माझ्याच पोरात कायतरी कमी हाय," तेजस्विनी म्हणाली. "पण आज बगितलं, सगळीच पोरं तशी बसली. एकसारखी." तिने मान वर केली. "खरं सांगा बाई. तुमी मारता का त्यांना? कोंडून ठेवता का?"

साधना या वस्तीत सून म्हणून आली तेव्हापासून अंगणवाडीत होती. तेजस्विनीच्या नवऱ्याचा शेंबूड तिने पुसला होता. आजवर हे तिला कुणी विचारलं नव्हतं.

"न्हाई गं," ती म्हणाली. "कोंडत न्हाई. मारत तर..."

"मग?"

मांडवात मॅडम कार्डं गोळा करत होत्या. गुरुजी मुलांना बिस्किटं वाटत होते. ऋतिक आपलं बिस्कीट हातात घेऊन फाटकाकडेच बघत होता. आत्ता हळू आवाजात तेजस्विनीला एकटीला सांगितलं, तर गोष्ट संध्याकाळपर्यंत तरी दबून राहील, असं एक मन म्हणालं. पण कार्डं आज बंद होणार होती आणि ती त्या मुलांबरोबर पहिलीच्या वर्गात जाणार होती. शिकवलेलं बरोबर केलं म्हणून ही मुलं मठ्ठ ठरणार होती.

साधना चालत मांडवात गेली. "मॅडम, आमच्या वस्तीची कार्डं बाजूला ठेवा. मला सांगायचंय."

"घरी जाताना बोलू ना, ताई."

"न्हाई. ह्यांच्या आयांच्या म्होरंच सांगते."

मॅडमशी ती नेहमी शुद्ध बोलायची. आज ते जमलं नाही. तिने सगळं सांगितलं. नळ, चिखल, ठसे, खराटा. शिट्टी का आणली ते. डोक्यावर हात ठेवायचा नियम कसा आला ते. "पोरं सूचना ऐकत न्हाईत असं लिहू नका. त्यांनी माझी सूचना ऐकली. चूक माझी हाय. ठसे पुसले ते मी."

कुशाबाई तिच्या शेजारी येऊन उभी राहिली. "मी बी बगितलं व्हतं," ती म्हणाली. "माझं बी नाव लिवा."

मग सगळे एकदम बोलायला लागले.

"दोन महिनं? आन् आमची लेकरं रोज तिथं पाणी पीत व्हती?"

"फॉरेस्टवाल्यांना एक फोन करता येत न्हाई व्हय?"

"पगार बुडंल म्हणून गप बसली असंल!"

"पगार!" कुशाबाई फिरून म्हणाली. "ये एक दिवस, तूच घे माझा पगार. वर शेगडी बी फुंक."

हौशीराम गुरुजींनी गळ्यातली शिट्टी काढून खिशात घातली. "मॅडम," ते हळूच म्हणाले, "मुलांना परत एकदा बसवू या का टेबलांवर? आता भीती गेली असेल."

मॅडमनी मुलांना परत बसवलं. मोठ्या माणसांचा आरडाओरडा चालू असताना मुलांनी राजमा, हरभरा आणि मूग वेगळे केले. ऋतिकने तीन ढीग लावले आणि चौथ्या ढिगात एक खडा ठेवला. "ह्यो खायचा नाय," असं त्याने मास्तरीणबाईंना बजावलं. कार्डावरची ओळ खोडली गेली. साधनाला दुसऱ्या दिवशी लेखी खुलासा द्यायला सांगण्यात आलं. "तुमचं मन मला कळतं," मॅडम जाताना गाडीत बसल्यावर म्हणाल्या, "पण मला हे वर कळवावंच लागेल."

तेजस्विनी ऋतिकला कडेवर घेऊन फाटकापाशी थांबली होती. एवढ्या मोठ्या पोराला ती एरवी उचलत नसे. तिचे डोळे लाल होते.

"सोमवारचा डॉक्टर रद्द करते," ती म्हणाली. "माझं पोरगं चांगलं हाय, एवढं तरी कळलं."

"लई हुशार हाय ते."

"पण बाई, आता मी त्याला कसं पाठवू? तुमीच सांगा. माझ्या जागी तुमी असता तर पाठवलं असतं का?"

साधनाने हात पुढे करून ऋतिकची सुटत आलेली चप्पल त्याच्या पायात नीट सरकवली.

त्या आठवड्यात वनखात्याची माणसं आली. अंगणवाडीमागे त्यांनी पिंजरा लावला. त्यात आधी कोंबडी ठेवली, मग काहीच नाही. नळाखाली चिखल होऊ नये म्हणून सिमेंटचं कोंडाळं झालं. आवाराला जाळी बसवू, असं ग्रामपंचायतीने सांगितलं आणि माणसं मोजमाप घेऊन गेली. खुलासा वाचून कुणी काही कळवलं नाही. साधना फोन वाजला की दचकायची. पट मोजायला माणूस जुलैत येणार, असं नुसतं कानावर होतं. कुशाबाई रोज यायची आणि रोज म्हणायची, "कामावरनं काढायचं असंल तर काढू द्या. मी खिचडी शिजवूनच जाईन."

जूनमध्ये चार मुलं इंग्रजी शाळेत गेली. पिवळी व्हॅन अंगणवाडीच्या कोपऱ्यावरच वळायची, कारण रस्ता तिथेच रुंद होता. सकाळी तिथे चार टाय आणि चार जोड बूट उभे राहत. मुलं आवारातल्या मुलांना हात करत आणि आवारातली मुलं त्यांना. तेजस्विनी साधनाकडे बघून मान हलवायची. बोलायची नाही. कधी कधी व्हॅनला उशीर झाला तर ती फाटकाला टेकून आतली गाणी ऐकायची.

एका मंगळवारी पसायदान झालं होतं आणि मुलं आवारात गोल करून उभी होती. मागच्या रानात तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या खोडवा उसाने गुडघ्याच्या वर डोकं काढलं होतं. एकाएकी कुत्री भुंकायला लागली. एक नाही, वस्तीतली सगळी. भुंकत भुंकत ती उसाकडे गेली आणि बांधापाशी येऊन थांबली. पुढे जायला कुणी तयार नव्हतं. साधनाने उसाकडे पाहिलं. वारा नव्हता आणि एका जागची पानं हलत होती.

तिने शिट्टी तोंडात धरली आणि वाजवली.

मुलं आत पळाली. कुशाबाईने चुलीवरचं पातेलं उतरवलं आणि दाराशी आली. साधना शेवटी आत शिरत होती, तेवढ्यात तिच्या कमरेला घासून काहीतरी आत गेलं. बूट, टाय, पाठीवर स्वतःपेक्षा मोठं दप्तर. ऋतिक भिंतीपाशी गेला. मोहिनी बुडावर सरकली. तो तिच्या शेजारी बसला, दप्तरामुळे त्याची पाठ भिंतीला लागेना, तरी त्याने पाय पोटाशी घेतले आणि तिचा हात धरला. त्याच्यामागून तेजस्विनी आली, बाकीच्या तिघांना पुढे ढकलत. तिने आत येऊन दार लावलं, कडी घातली आणि पाठ दाराला लावून उभी राहिली.

बाहेर कुत्री भुंकत होती. खोलीत फक्त श्वास ऐकू येत होते. साधनाने बोटाने मुलं मोजली. मोजणी पटाच्या पुढे गेली, तशी ती थांबली आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली.

कुत्र्यांचा आवाज लांब गेला, ओढ्याकडे. मग बंद झाला. तेवढ्यात व्हॅनचा हॉर्न वाजला. एकदा. मग लांब, पुन्हा.

"ऋतिक," तेजस्विनी हळू म्हणाली. "चल, गाडी आली."

तो उठला नाही. त्याने आईकडे पाहिलंही नाही. तो साधनाकडे मान वर करून बघत होता. व्हॅनची बाकीची तिघंही तसंच बघत होती.

साधनाने खिडकीतून ऊस पाहिला. रस्ता पाहिला. व्हॅनचा ड्रायव्हर खाली उतरून दोन्ही हात वर करून काय झालं म्हणून विचारत होता. तिने त्याला थांबायची खूण केली. मग ती भिंतीच्या या टोकाला आली आणि नेहमीच्या क्रमाने सुरुवात केली. पहिल्या डोक्यावर हात, नाव. दुसऱ्या डोक्यावर हात, नाव. तेजस्विनीने घाई केली नाही. गाडीत परत बसून ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

ऋतिकच्या डोक्यावर तेलाऐवजी काहीतरी चिकट लावून भांग पाडला होता. साधनाचा हात तिथे नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ राहिला.

"ऋतिक," ती म्हणाली.

तो उठला. टाय सरळ केला, तिच्याकडे बघून हसला आणि आईचा हात धरून निघाला. त्याच्यामागे आपापली नावं ऐकून उठलेली बाकीची तीन बुटांचा आवाज करत गेली. त्यांना दार उघडून देऊन कुशाबाईने पायरीवर उभं राहून व्हॅन वळेपर्यंत पाहिलं आणि चुलीकडे गेली.

मोहिनीचं नाव अजून घ्यायचं राहिलं होतं. ती भिंतीला पाठ लावून बसली होती. तिचा एक हात शेजारच्या रिकाम्या जागेवर तसाच धरलेला होता. साधना तिच्यापुढे खाली बसली.